जमिनीवर दोनदा हात

हॅलो?… हो, मीच. फोन ठेवू नकोस. काल तुझ्या विद्यापीठात एका मुलीला भर स्टेजवर मारलं आणि तू उभी राहून टाळ्या वाजवल्यास…

नाही, अपघात म्हणू नकोस. कुलगुरू आहेस ना, मग कुलगुरू म्हणूनच ऐक. मी तुझी धाकटी बहीण, ते नंतर.

हो, हो… अगं ऐक ना. नोटीस वाचली मी. नाट्यविभागाच्या दारावरच लावलीय. अभिनेत्रीचा पाय घसरल्याने किरकोळ दुखापत. खाली तुझी सही… किरकोळ? मी दवाखान्यातून येतेय. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. जबडा इतका सुजलाय की तिची आई तिला चमच्याने पाणी पाजतेय आणि निम्मं उशीवर सांडतंय. मी बराच वेळ तिच्या डावीकडे बसून बोलत होते. ती नुसती माझ्या ओठांकडे बघत होती. मग कळलं, तेव्हा उठून उजवीकडे गेले…

आवाज का बारीक केलास?… गाडीत आहेस. श्रेणी द्यायला आलेल्या समितीची माणसं शेजारी… बरं. मग तू नुसतं हं-हं कर, बोलायचं मी बघते.

नाटक माझं आहे, ताई. चौकशीच्या खोलीत अधिकारी पकडून आणलेल्या बाईला थप्पड मारतो. एक. आणि ती खोटी. त्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो, आवाज ती मुलगीच काढते, लोकांना दिसणार नाही अशी टाळी वाजवून. तालमीत रोज तसंच केलं. काल प्रयोगाआधी दिग्दर्शक सरांनी उंच्याला बाजूला घेतलं… अगं उंच्या, अधिकाऱ्याचं काम करतो तो, शेवटच्या वर्षाचा. त्याला म्हणाले, आज खरी मार. तिला कळू देऊ नकोस, कळलं तर चेहऱ्यावर काही उमटणार नाही…

उंच्यानेच सांगितलं. प्रयोग संपल्यावर बेसिनवर ओणवा होऊन ओकत होता.

हो, तेच सर. मुलं त्यांना भट्टी म्हणतात, माहितीय ना? तापल्याशिवाय नट होत नाही, असं येता-जाता सुनावतात म्हणून. स्वतः साहेब कधी कोमटसुद्धा झालेले कुणी पाहिले नाहीत.

…नाही, एक नाही. पहिली कानावर बसली. ती खुर्चीसकट आडवी झाली. तिचं पुढचं वाक्य होतं, ते आलंच नाही. उंच्या थबकला. विंगेतून भट्टीने हात फिरवला, चालू ठेव, हेही उंच्यानेच सांगितलं. मग त्याने तिला केसांना धरून उचललं आणि दुसरी मारली. तिसरीला तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. रक्त आलं ते लोकांना मेकअपचं वाटलं. माझ्या पुढचे गृहस्थ बायकोला सांगत होते, काय हुबेहूब करतात ही मुलं.

मी?… विचार, विचार. मी शेवटच्या रांगेत होते. धावले. विंगेचं दार आतून लावलेलं. लाथा घातल्या त्या दाराला, अंगठ्याचं नख उलटलंय. पण धावण्याआधी मी तुला पाहिलं.

ती जमिनीवर हात आपटत होती, ताई. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा. खरंच लागलं तर जमिनीवर दोनदा हात आपटायचा आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, ही खूण ठरलेली होती. दिवेवाल्यालासुद्धा ठाऊक होती…

प्रेक्षकांना कशी ठाऊक असेल? त्यांना कोण बोलतंय? तुला ठाऊक होती. रंगीत तालमीला तूच तिला विचारलंस, हे काय गं. तिने तुला शेजारी बसवलं आणि तुझाच हात धरून जमिनीवर आपटून दाखवला. किती हसलीस तू.

काल तू अर्धी उठलीस. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन. मग शेजारी बसलेल्या समितीच्या अध्यक्षांकडे बघितलंस. ते डोळे पुसत होते. आणि तू पुन्हा खाली बसलीस…

ताई?… काय, बाबांचा मारही आपण सोसलाच?

बाबांना मध्ये आणू नकोस. बाबा निदान दार लावून मारायचे. तू तिकिटं लावलीस.

हो. लागावं म्हणूनच बोलले.

काय, चर्चा होतेय?… होतेय की. इनमीन चारशे मुलांचं विद्यापीठ तुझं, दुसरं काय होणार. साहित्याच्या सरांनी आज सकाळच्या तासाला निबंधाला विषयच दिलाय, रंगमंचावरील वेदना. पोरीचं रक्त वाळलं नाही आणि यांचा निबंध.

…सत्याचा क्षण? हे भट्टीचं वाक्य तुझ्या तोंडात शोभत नाही. सत्याचा क्षण हवा असेल तर शेजारच्या अध्यक्षांच्या मुस्काटात दे. हुबेहूब येईल.

बरं, आजचं बोल. आज पुन्हा प्रयोग, अख्ख्या समितीसाठी. तिच्या जागी पहिल्या वर्षाची चिमणी उभी केलीय. उंच्या नाही म्हणाला, हॉस्टेलवर दार लावून बसलाय. मग अधिकारी कोण करतंय?… माहितीय तुला. मला वाटलंच. भट्टी स्वतः.

संमती कसली? तिला सांगितलंय एकच आणि तीही खोटी. कालच्या मुलीलाही तेच सांगितलं होतं. मघाशी मी चिमणीला गाठलं, सगळं सांगितलं. ती आरशात बघून टिकली लावत होती. म्हणाली, मॅडम, त्या ताईंना झेपलं नाही, मला झेपेल. सरांनी मला निवडलंय… आता बोल. हिला कोण वाचवणार आहे?

करार वाचलाय मी. बारावी नापास असले तरी वाचता येतं मला. संहिता विद्यापीठाची, मान्य. अतिथी लेखिका ही पाटी तू लावलीस, तूच काढ. खोली सोडायला मला एक पिशवी पुरते… घाबरव, घाबरव. आणखी काय आहे?

श्रेणी गेली तर विद्यापीठ बंद पडेल… हे मात्र पहिलं खरं बोललीस. म्हणून बसलीस काल खाली. कळतं मला. पोरांच्या फिया, मास्तरांचे पगार, सगळं तुझ्या डोक्यावर. कळतं गं. पण मग तेवढं सांग ना त्या चिमणीच्या आईला. विद्यापीठ चालवायचंय, तुमच्या मुलीचा एक कान लागेल.

ही घंटा ऐकलीस? दुसरी… कुठे म्हणजे? स्टेजवर. पडद्याच्या आत, त्या चौकशीच्या खुर्चीवर बसलेय. भट्टी विंगेतून ऊठ-ऊठ करतोय. जवळ येत नाही, कारण फोन चालू आहे आणि पलीकडे कोण आहे ते त्याला माहितीय. टेबल पुसलंय कुणीतरी, पण कडेच्या खाचेत अजून तपकिरी आहे. नखाने निघतंय.

नाही उठणार. उचलायला माणसं पाठव, मी त्यांनाही चावेन.

पडदा उघडला की मी बोलणार आहे. खरी मार म्हणून कुणी सांगितलं, पाय घसरला म्हणून कुणी सही केली, खूण कुणाला ठाऊक होती. पण मी बोलले तर लोक म्हणतील चवताळलेली बाई, किंवा हेही नाटकातलंच. तू बोललीस तर प्रयोग थांबेल. भट्टी थांबेल… गाडीचं दार वाजलं. पोहोचलात ना? पाहुण्यांना चहाला बसव आणि बाजूच्या जिन्याने वर ये. चिमणी इथेच विंगेत उभी आहे, हाताने केस सारखे करतेय.

रडू नकोस, त्याला वेळ नाही आता… 

तिसरी घंटा झाली. पडद्याची दोरी हलतेय. ताई, तू सांगतेस की मी सांगू?… काय?… मान हलवू नकोस, मला दिसत नाही. तोंडाने बोल. तू, की मी?