रोबोला माती मळायला लावणाऱ्या निमेश सरांना निरोप

सन्माननीय अध्यक्ष खंडेरावसाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं का होईना पण विराजमान झालेले कार्यकारी समितीचे सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती निमेश सर, त्यांच्याच आग्रहावरून पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या जमनामावशी, आणि कुंभवलीहून कंपनीची पाळी संपवून थेट इथं आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी भावना, या केंद्राच्या भट्टीवर काम करते. दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. जरा जास्त होतील.

निमेश सरांना बढती मिळाली आहे, असं समितीच्या पत्रकात म्हटलं आहे. मुख्यालयात जुनी कागदपत्रं ठेवण्याची खोली आहे, ती आता सर सांभाळतील. रोबोला शिकवणाऱ्या अभियंत्याला तिथं पाठवणं ही बढती कशी, असं काहीजण मला विचारत होते. बढतीच आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

आपल्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'पारंपरिक कुंभारकला आणि आधुनिक तंत्रज्ञान यांचा संगम'. आता संगम म्हटल्यावर दोघांनी भेटायचं हे ठरलं. पण भेटल्यावर कुणी कुठलं काम करायचं? ते काही फलकावर मावलं नाही.

चाकावर माठ घडवणारं हे यंत्र आलं तेव्हा त्याचं नाव ठेवायला उपसमिती नेमली होती. अध्यक्षांच्या सूनबाईंनी 'मृण्मयी' सुचवलं आणि ते एकमतानं मंजूर झालं. दुसरं नाव मागवलंच नव्हतं, त्यामुळे वाद टळला. मग मृण्मयीला शिकवायला मासवणहून जमनामावशींना आणलं.

मावशींबद्दल थोडं सांगते. कुंभाराच्या घरात चाकावर पुरुष बसतो आणि बायका माती तुडवतात, मळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मावशींनी लहानपणी बापाला माती मळून दिली, लग्नानंतर नवऱ्याला. माठाचं कौतुक व्हायचं ते घडवणाऱ्याचं. नवरा गेल्यावर पोटासाठी त्या स्वतः चाकावर बसल्या. भावकीत कुरकुर झाली. मावशींनी माठ इतके देखणे काढले की कुरकुर करणारेच ते विकत घेऊ लागले.

तर मावशींच्या हातात तारांचे मोजे चढवले. त्या माठ घडवायच्या, निमेश सर पडद्यावर बोटांच्या हालचालींच्या रेघा बघायचे आणि मृण्मयी शिकायची. पावसाळाभर हेच चाललं. दिवाळीच्या सुमाराला मृण्मयीनं पहिला माठ घडवला. समितीनं पेढे वाटले. मावशींनीही एक खाल्ला.

आणि दुसऱ्या दिवसापासून मावशींना काम उरलं नाही. म्हणजे एक उरलं. मृण्मयीला माती लागायची अगदी लोण्यासारखी. माती मळायचं यंत्र घ्यावं, असं सरांनी समितीला सुचवलं. 'मळण्यात नावीन्य नाही,' असा शेरा आला. मग मळणार कोण? अनुभवी व्यक्ती आपल्याकडे होतीच.

महिन्याभरात मावशींचा उजवा खांदा सुजला. भाकरी थापता येईना. मी तेल चोळून देत होते, तेवढ्यात सर आले. त्यांनी विचारलं, "मावशी, दुखतंय का फार?"

मावशी म्हणाल्या, "दुखनं नवं नाय. पयलं बापाला मळून दिली, मग नवऱ्याला. आता या लोखंडाला देतेय. मधी चार दिवस चाकावर बसले, ते तुमी मोजे घालून काडून घेतलं."

सर चहा तसाच ठेवून निघून गेले. त्यानंतर ते बरेच दिवस एकटेच मृण्मयीपाशी काहीतरी करत बसायचे. आम्हाला वाटलं, उद्घाटनाची तयारी चालली आहे.

तशी ती होतीच. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, हे आपल्याला आठवत असेल. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. चाकावर जमनामावशी, नवं लुगडं नेसून. आणि मागे कोपऱ्यात मृण्मयी, पंजाला लाटण्यासारखा रूळ लावलेली, मन लावून माती मळत होती. एक गोळा झाला की उचलून मावशींच्या हाताशी ठेवायची.

अध्यक्षसाहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही, असं मी नंतरच्या चौकशीत सांगितलं आहे. तेच इथंही सांगते.

पाहुण्यांनी हातातलं भाषण चाळलं. त्यात हे दृश्य नव्हतं. ते म्हणाले, "एवढं महागडं यंत्र, आणि माती मळतंय? हे काम तर कोणीही करतं."

मावशींनी चाक थांबवलं नाही. म्हणाल्या, "कोनीपन नाय करत, सायेब. बायाच करतात."

मागे बसलेल्या बायकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग पाहुण्यांनीही वाजवल्या, कारण फोटो निघत होते.

पुढचं सर्वज्ञात आहे. मृण्मयीला मळायला शिकवताना तिचे चाकाचे धडे पुसावे लागले, की चुकून पुसले गेले, यावर चौकशी समितीचं अजून एकमत झालेलं नाही. सरांनी स्वतः 'मुद्दाम पुसले' असं सांगितलं, पण समितीला ते उत्तर सोयीचं वाटलं नाही. त्यामुळे बढती. मावशींच्या खांद्याची सूज मात्र उतरली आहे, आणि त्या रोज चाकावर बसतात.

काल समितीचा आदेश आला. मृण्मयीला पूर्ववत चाकावर बसवावं, आणि जमनाबाईंनी पुन्हा मोजे घालून शिकवावं. तो मावशींना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. शिकवणार का, असं मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "शिकवीन की. नाय कशाला म्हनू? पन आदी तिला मळू दे नीट. मी पन तशीच शिकले. बापाची मळली, नवऱ्याची मळली, मग कुटं चाक दिसलं. तिचं तर आता कुटं चालू झालंय."

मावशींचं हे म्हणणं मी समितीला जसंच्या तसं कळवलं आहे.

निमेश सर, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल भट्टीवरच्या आम्ही सगळ्या तुमच्या ऋणी आहोत. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. धन्यवाद.