संडासाचा मुहूर्त

सांगा बरं, संडास फोडायला कोणी मुहूर्त पाहतं का? आमच्या मोठ्या दिरांनी पाहिला. नवे पाइप अजून दुकानात यायचे होते, तरी चांगला दिवस वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मिस्त्रीकडून जुनं भांडं आणि पाइप उखडून टाकले.

मी विचारलं, "भाऊजी, आता घरातल्या बायकांनी जायचं कुठं?"

"काहून, शेजारी संडास नाही का?" म्हणाले, आणि पान लावत बसले.

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या शांताबाईंना जाऊन सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी बायका खुशाल या. त्या मुहूर्तवाल्याले मात्र माह्या दारात पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनवर जाऊन आले.