तीनदा 'होतं'

(टोरंटोतलं केन्सिंग्टन मार्केट. मे महिन्यातल्या शनिवारची सकाळ. बॉल्डविन स्ट्रीटचा कोपरा.)

विन्सम : झालं एक.

आर्मिंदू : एक काय?

विन्सम : एक 'होतं'. "या कोपऱ्यावर झिल्बरमनचं कोंबड्यांचं दुकान होतं," असं म्हणालात. मघाशी काय ठरलं आपलं? गाईडने आहे ते दाखवायचं. पाहुण्यांनी कोंबड्या शोधायच्या आणि समोर बघतात तर डोनट! तीन 'होतं' झाली की मार्केटची समिती तुमच्या गाईडच्या अर्जावर फुली मारते.

लुर्देस : फक्त तीन? मिस विन्सम, हा माणूस झोपेत तीन म्हणतो.

विन्सम : लुर्देस, आजच्या परीक्षेपुरत्या तुम्ही पाहुण्या आहात. यांची बायको नाही.

लुर्देस : बरं बाई. मग पाहुणीला एक विचारायचंय. हा गाईड पास झाला तर आठवड्यातून किती दिवस घराबाहेर राहील?

विन्सम : चार.

लुर्देस : देव पावला! आर्मिंदू, तोंड सांभाळ.

आर्मिंदू : मी घरात असा काय त्रास देतो गं?

लुर्देस : काय त्रास देतो! आमचं मासळीचं दुकान बंद होऊन आठ महिने झाले, तरी पहाटे चारला उठून बसतो. माझ्या फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. परवा शेजारीण साखर मागायला आली, तर दारातच ओरडला, "पुढचा नंबर!"

आर्मिंदू : सवय आहे. मागून आली असती दुसरी, तर भांडणं झाली असती.

विन्सम : चला, पुढे काय दाखवताय?

आर्मिंदू : हं. तर मंडळी, उजव्या हाताला बघा. इथे इस्टरच्या आधी... इथे ससे मिळत असत.

विन्सम : दोन.

आर्मिंदू : अहो, मी 'होतं' म्हणालोच नाही!

विन्सम : सत्तावीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, मिस्टर आर्मिंदू. 'असत'सुद्धा मोजते. पळवाटा मला नका शिकवू.

लुर्देस : अरे, आहे ते सांग की! डोळे आहेत ना? ती पाटी वाच.

आर्मिंदू : वाचतो. "जुने कपडे, वजनावर." वजनावर! हे बरंय. मंडळी, लोकांनी टाकलेले कोट इथे काट्यावर मिळतात, मासळीसारखे. खिसे उलटून बघा, आतल्या किल्ल्यांचे पैसे देऊ नका. बाबा गेले तेव्हा त्यांचा अस्साच कोट आम्ही चर्चला फुकट देऊन टाकला. आज त्याला ऐंशी डॉलर पडतात.

विन्सम : हे छान. हसतील लोक. पुढे?

आर्मिंदू : पुढे तिबेटी मोमो, शेजारी चिलीच्या बाईंचे खिमा भरलेले एम्पनाडा, पलीकडे तुमच्या जमैकाच्या पॅटी. मोमोला रांग फार. म्हणून आधी एम्पनाडा घ्यायचा आणि तो खात खात मोमोच्या रांगेत उभं राहायचं. चीजच्या दुकानात चव मागायला लाजू नका, लाजलात तर उपाशी राहाल. आणि हरवलात तर वर बघा. तो उंच टॉवर दिसतो त्या बाजूला तलाव, म्हणजे दक्षिण.

लुर्देस : बघा, येतंय की त्याला!

विन्सम : येतंय खरं. पण मिस्टर आर्मिंदू, गल्लीत कुठे वळताय? मार्केटचा मुख्य रस्ता, ऑगस्टा, तर हा समोर राहिला.

आर्मिंदू : गल्लीत भिंतींवर चित्रं आहेत. 'आहेत' म्हणालो.

विन्सम : गल्लीत कचऱ्याचे डबे आहेत.

आर्मिंदू : आणि डब्यांत खरकटं खाणारे रॅकून आहेत. पाहुण्यांना आवडतात.

विन्सम : मार्केट दाखवायचं आणि ऑगस्टा वगळायची? हे काय नवीन?

लुर्देस : तो त्या रस्त्यावर पाय ठेवत नाही हो. आमचं दुकान तिथेच. बंद केल्यापासून साधा पाव आणायलासुद्धा लांबचा वळसा घालतो. पाव घरी पोचेपर्यंत सूप गार.

आर्मिंदू : लुर्देस.

लुर्देस : मी पाहुणी आहे. पाहुण्यांना कुणी गप्प करतं का?

विन्सम : हे बघा, मला दुपारी समितीला नाव कळवायचंय. ऑगस्टावरून चालणं जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मग दुसरा अर्ज ज्याचा आलाय, त्या दाढीवाल्या मुलाला मी कळवते.

आर्मिंदू : तो? तो गेल्या वर्षी इथे राहायला आला! त्याला काय कळतंय मार्केटमधलं?

विन्सम : 'होतं' असं काहीच माहीत नाही त्याला. मला तेवढं पुरे.

आर्मिंदू : ...चला.

लुर्देस : थांब. हात धर माझा.

आर्मिंदू : पाहुण्यांचा हात धरायचा नसतो.

लुर्देस : धर म्हणते ना!

आर्मिंदू : तर मंडळी, ही ऑगस्टा. ही मोटार बघा, हिच्यात माती भरून झाडं लावलीयत. आमच्याकडे पार्किंग मिळत नाही, म्हणून एकदा मिळालेली जागा कुणी सोडत नाही. ही फळवाली. आंबे दाबून बघू नका, ओरडते. आणि हे... हे...

लुर्देस : काय हो गाईड, थांबलात का? या दुकानात काय मिळतं?

आर्मिंदू : लुर्देस, नको ना.

लुर्देस : पाहुणी विचारतेय, आर्मिंदू. सांग तिला.

आर्मिंदू : चष्मे. इथे चष्मे मिळतात. लाकडी काड्यांचे. आत पांढरी फरशी आहे. मधोमध मोरीची जाळी आहे, बर्फाचं पाणी वाहून जायला.

विन्सम : चष्म्यांच्या दुकानात बर्फ?

आर्मिंदू : बर्फ नाही. जाळी आहे. दारातून दिसतेय, वाकून बघा. वर छताला चार हूक आहेत. चष्मेवाल्याला हूक कशाला लागतात ते पाहुण्यांनी विचारावं, मी आपणहून सांगणार नाही. आणि हा उंबरा. डावीकडून धड आहे, उजवीकडून झिजलेला आहे. बत्तीस वर्षं एकाच माणसाचा पाय तिथे... झिजलेला आहे. एवढंच. आहे ते सांगितलं.

लुर्देस : मोजा, बाई. किती झाली?

विन्सम : दोनच. तिसरं कुठे आहे? नाव कळवते मी. मंगळवारी दहाला या, मिस्टर आर्मिंदू. उशीर चालणार नाही.

लुर्देस : उशीर? चारला उठून बसेल तो!

विन्सम : एक मिनिट हं, बहिणीचा फोन. हॅलो, मार्वा? हो, झालं माझं काम. गाडी इकडेच घेऊन ये. कुठे म्हणजे? ऑगस्टावर, मच्छीच्या दुकानासमोर. हो गं, तेच. दारातच उभी आहे मी.

लुर्देस : मिस विन्सम, आत्ता तुम्ही फोनवर काय...

आर्मिंदू : गप बस, लुर्देस. 'होतं' म्हणाल्या नाहीत त्या.