चौघांचं पातेलं

...आणि वर त्या डॉक्टरीणबाई मलाच विचारतात, "मावशी, एकट्या बाईला एवढं लागतं कशाला?" बोलायला काय जातंय हो त्यांचं! तुम्हाला सांगते, मी कारखान्याच्या खानावळीत साठ माणसांचं रांधते आणि घरी जन्मभर चौघांचं रांधत आले. आता नवरा गेला, लेक सासरी, मुलगा परदेशी... पण हाताला कोण सांगणार? तांदळाची मूठ चौघांचीच पडते! मग उरलेलं टाकायचं का? तुम्हीच सांगा, टाकायचं का?

"आठ किलो उतरवा, नाहीतर शेगडीपुढं उभं राहणं सोडा. गुडघे संपलेत तुमचे." सोडा म्हणे! मग दिवसभर बोलू कुणाशी, भिंतीशी?

म्हणून घेतलं मनावर. लहान पातेली आणली, तांदूळ वाटीनं मोजले. रोज सकाळी चार मजले चढायचे, उतरायचे, परत चढायचे, जीव नुसता घशाशी, आणि तळमजल्यावरचा शिंपी दारातून ओरडतो, "काय काकू, वरती काही विसरलात का?" विसरले रे मेल्या, वय विसरले!

पण खरं सांगू? भूक सोसते. वाटीभर जेवण पाच मिनिटांत संपतं, पुढची अख्खी संध्याकाळ पडलेली असते, तिचं काय करायचं? तीही टाकायची का?

आणि दर मंगळवारी दवाखान्यात वजन. तिथली नर्स, पोरगी माझ्या लेकीएवढी, हाताला धरून काट्यावर चढवते. "या मावशी! झोप लागली का? जेवलात ना वेळेवर? आणि श्वास काय रोखताय, त्यानं वजन कमी होत नसतं!" आठवडाभरात मला जेवलात का म्हणून विचारणारं माणूस ते एवढंच.

साडेसात किलो उतरले. पोरीनं टाळ्या वाजवल्या. "अर्धाच राहिला! पुढच्या मंगळवारी सुटलात मावशी, मग इथं यायचं कामच नाही!"

सुटले?...

सोमवारी माळ्यावरून मोठं पातेलं काढलं. चौघांचं रांधलं. ताट एकच घेतलं हो, एवढी काही वेडी नाही मी. बसले आणि... टाकायचं का?

मंगळवारी काटा वर! पोरगी अशी चिडली, "हे काय मावशी! आता परत दर मंगळवारी यायचंच, एक सबब ऐकणार नाही!" मी मान खाली घालून म्हटलं, बरं बाई.

अर्धाच किलो वाढवला हो... तेवढा ताबा आलाय आता माझा माझ्यावर.