इंजिनाच्या पेटीवरचा देव

नाव सुमंगला अनंत मळीक, वय ४१, धंदा होडीची वाहतूक व भाजीचा मळा, राहणार नार्वे, तालुका डिचोली.

पोलीस स्थानकात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी वडील आणि धाकटा भाऊ विठू यांच्यासह राहत होते. आता वडील आणि मी राहतो. विठूच्या मृत्यूबाबत माझा हा जबाब आहे. विठूने परबांचा मान चोरला म्हणून मारामारी झाली, असे गावात बोलले जाते. माझा भाऊ चोर नव्हता. ते लिहून घ्यावे म्हणून मी आपल्या पायांनी आले आहे, मला कोणी पाठवलेले नाही.

आमची डिझेल इंजिनाची लाकडी होडी आहे. पलीकडच्या मळ्यांत माणसे, खत, पेंढा नेण्याआणण्यासाठी ती वापरतो. वडिलांचे हात थरथरू लागल्यापासून इंजिन मी चालवते. विठूला इंजिनातले ओ की ठो कळत नव्हते. त्याचे सगळे लक्ष देऊळ, भजन आणि कुठला मान कोणाचा यात. गावात कुठे वाद झाला की मध्ये पडून तो मिटवायचा, आणि घरी येऊन मला ऐकवायचा. मी त्याला भटजी म्हणून चिडवत असे.

आमच्या वाड्यावरचे पाचव्या दिवसाचे गणपती होडीतून नेऊन नदीच्या मध्यावर, जिथे पाणी खोल आहे तिथे विसर्जन करतात. पहिला मान श्रीनाथ परब यांच्या घराण्याचा आहे. त्यांचा देव पाण्यात गेल्याशिवाय दुसऱ्याचा जात नाही. याबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती. दुसरी रीत अशी की, देव एकदा काठावरून होडीत बसला की होडी परत काठाला लावायची नाही. आणि देव ज्या जागी बसवला तिथून उचलला की तो थेट पाण्यातच, मध्ये खाली ठेवायचा नाही. आमच्या होडीत सपाट जागा एकच, इंजिनाच्या लाकडी पेटीचे झाकण. त्यावर पाट ठेवून देव बसवतो.

त्या दिवशी होडी धुऊन आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. चुलतभाऊ गौरेश म्हणाला, देवाच्या नाकाखाली डिझेलचा वास नको. म्हणून जादा डिझेलचा कॅन त्याने काढून काठावर ठेवला. मी हो म्हटले. दरवर्षी तसेच करतो. जाऊन यायला टाकीतले पुरते.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मी, विठू आणि गौरेश देव घेऊन निघालो. परबांची होडी आली नव्हती. त्यांच्या घरी आरती लांबली होती, ती काठापर्यंत ऐकू येत होती. काठाला परत लागता येत नाही, आणि ओहोटी जोरात असल्याने इंजिन बंद करून राहता येत नाही. मी विठूला म्हटले, आपला देव बुडवून घरी जाऊ, कोण बघतो. तो म्हणाला, "बाय, मान तांचो. रावया." थांबायचे म्हणून मी नदीत होडी गोल गोल फिरवत राहिले. तास गेला असेल. परबांचा मान राखता राखता आमची टाकी संपली आणि इंजिन बंद पडले.

ओहोटीने होडी नेमकी विसर्जनाच्या जागेवर नेऊन आडवी केली. त्याच वेळी परबांची होडी आली. होडीत श्रीनाथ आणि त्याचे दोन पुतणे होते. मी ओरडून सांगितले, "डिझेल सोंपलां! दोरी मारा, आमकां ओडून बाजूक करा!" श्रीनाथने दोरी टाकली. विठूने ती धरून आमच्या होडीला बांधली. मला बरे वाटले. श्रीनाथने दोरी ओढून आमची होडी त्यांच्या होडीला भिडवली आणि हातातला बांबू विठूच्या कानावर मारला. त्या बांबूच्या टोकाला होडी ओढायची लोखंडी आकडी होती. विठूचा कान फाटून लोंबू लागला. हा पहिला वार. तेव्हा आमचा देव पेटीवरच होता, हे ठळक लिहावे.

श्रीनाथ म्हणत होता, "मुद्दाम आडवी घातली! आमचो मान खातात!" विठू दोन्ही हात जोडून म्हणाला, "श्रीनाथदादा, आमी तुमचीच वाट पळयताले." हात जोडलेले असतानाच त्याच्या खांद्यावर दुसरा वार बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानंतर त्याला उजवा हात उचलता आला नाही. पुतणे होडीची कड धरून उभे होते, त्यांनी मारले नाही आणि अडवलेही नाही.

टाकी तिरकी केली तर तळाशी राहिलेले थोडे डिझेल नळीत येते, हे मला ठाऊक होते. मी टाकीखाली नारळ सारून ती कलती केली. पण एकदा डिझेल संपले की नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. त्यासाठी पेटी उघडावी लागते, आणि पेटीवर देव.

मी गौरेशला म्हटले, देव उचल. खाली ठेवायला तो तयार नव्हता, म्हणाला, "सकल कसो दवरतलो? थंय पांय लागतात." मी म्हटले, मग पाण्यात सोड. तो म्हणाला, परबांच्या आधी? तेवढ्यात श्रीनाथ आमच्या होडीत उतरला आणि विठूचे केस धरून त्याचे तोंड होडीच्या कडेवर आपटू लागला. मी गौरेशची वाट पाहिली नाही. पाटासकट देव मी उचलला आणि पाण्यात सोडला. गणपती बाप्पा मोरया म्हटले नाही. विठूने ते पाहिले. तो ओरडला, "बाय, नाका!" मार खाताना तो ओरडला नव्हता, तेव्हा ओरडला.

काठावरच्या लोकांनी देव पाण्यात जाताना पाहिला आणि आता ते सांगतात की त्यावरून मारामारी सुरू झाली. ते खोटे आहे. काठावर ढोल वाजत होते, त्यांना आधीचे काही दिसले नसेल. मला दिसले.

पेटी उघडून मी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबू लागले. स्क्रूमधून फेस येतो. फेस येतो तोवर आत हवा आहे. फेस थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळायचा. मी घाई केली. विठूचे दात होडीत पडलेले पाहिले आणि फेस येत असतानाच स्क्रू आवळला. इंजिन सुरू करायचे लोखंडी हँडल लावून फिरवले. इंजिन दोनदा ठसकले आणि बंद पडले. श्रीनाथ म्हणाला, "बायलेक इंजिन दिलां, पळय."

हँडल माझ्या हातात होते आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. ते त्याच्या डोक्यात घालावे असे मला वाटले. अजूनही वाटते. पण हँडल पाण्यात गेले असते तर विठूला काठावर नेता आले नसते. मी ते मांडीखाली धरले आणि स्क्रू पुन्हा सैल केला. या वेळी वर पाहिले नाही. फक्त फेसाकडे पाहिले. मागून आपटल्याचे आवाज येत होते. आधी विठू कण्हत होता, नंतर नुसतेच आवाज येऊ लागले. फेस संपला. स्क्रू आवळला, मग पुढच्या नळीचा नट सैल करून तिथलीही हवा काढली. माझा भाऊ माझ्या मागे मरत होता आणि मी डिझेलमधले बुडबुडे बघत बसले होते. दुसरा इलाज नव्हता. मला कोणी सांगावा.

इंजिन चालू झाले. मी हँडल काढून श्रीनाथच्या मनगटावर मारले. त्याने विठूचे केस सोडले. मग गुडघ्यावर मारले. तो पाण्यात पडला. तिसऱ्यांदा हात उचलला होता, पण तो होडीत नव्हता. त्याचे मनगट मोडले असल्यास ते मी मोडले आहे, त्याचा गुन्हा लावायचा तर लावावा. पुतण्यांनी त्याला वर घेतले. मी परबांच्या होडीची दोरी आमच्या होडीतल्या कोयत्याने कापली आणि होडी फेरीच्या धक्क्याकडे वळवली. गौरेश पुढच्या टोकाला डोके धरून बसला होता. त्याला मी सुकाणू धरायला लावले.

विठूचे डोके मी मांडीवर घेतले. एक डोळा दिसत नव्हता. दुसऱ्याने तो माझ्याकडे बघत होता. त्याने विचारले, "पयलो कोणाचो गेलो गे?" त्याला बोलायला त्रास होत होता, म्हणून मी उगी राहा म्हटले. त्याने पुन्हा विचारले. मी म्हटले, "परबांचो. मागीर आमचो." तो "बरें" म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही. धक्क्यावर रुग्णवाहिका आली. सरकारी इस्पितळात पोचण्यापूर्वी वाटेतच तो गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले.

परबांची होडी त्यांचा देव तसाच घेऊन काठाला परत लागली, असे नंतर कळले. त्यांचा देव दुसऱ्या दिवशी पाण्यात गेला.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "मारहाण झाली" असे एका ठिकाणी लिहिले होते, ते मी "श्रीनाथने मारले" असे करून घेतले. विठूला होडीत जे सांगितले ते खोटे होते. बाकी यात मी काहीही खोटे सांगितलेले नाही.

सही/- सुमंगला अनंत मळीक