नोंदणीआधीचा ईसीजी

चीनमधल्या मेइचौ शहराच्या इस्पितळातल्या रांगेत माझ्यापुढे चहा कारखान्याच्या फुटबॉल संघाचे दोघे उभे होते, कप्तान आणि त्याचा गोलकीपर.

"तुझं इस्पितळाचं कार्ड दे इकडे, आ-ब्याव. तुझ्या नावाने ईसीजी मी काढून घेतो."

"कुणी ओळखलं तर, दादा?"

"मास्क आहे ना! बारा वर्षं हौशी म्हणून खेळलो, कुणी तपासलं का कधी? आता व्यावसायिक लीगमध्ये चढलो, तर म्हणे आधी हृदय दाखवा."

"पण मागच्या सामन्यात मी मैदानात कोसळलो होतो."

"ऊन लागलं असेल."

"पाऊस पडत होता, दादा."

"हे बघ, पाच वाजता लीगची नोंदणी बंद होते. तू नसलास तर गोलमध्ये काय तुझे हातमोजे टांगून ठेवू?"

"बायकोला यातलं काही माहीत नाही."

"मग सांगूही नकोस. आण ते कार्ड."

कार्ड घेऊन कप्तान माझ्याकडे वळला.

"ताई, इथे ईसीजीला किती वेळ लागतो?"

"दहा मिनिटं."

"तुमचाही काढायचाय?"

"नाही. वडिलांच्या मृत्यूचा दाखला न्यायला आलेय."

"अरेरे. आजारी होते?"

"छातीत दुखत होतं. ऊन लागलं असेल, असं बाबाच म्हणाले."

रांग दोन पावलं पुढे सरकली.

"आ-ब्याव, हे धर तुझं कार्ड. तूच जा आत."

"आणि वाईट निघाला तर?"

"तर हातमोजे मी घालीन. सहा गोल खाईन. जा."