उलटा लावलेला कपॅसिटर

मुंझिर सर : अगं वज्दान, बोलशील की नाही काही? सकाळपासून या टॅक्सी-अड्ड्यावर उभा आहे मी. कॉफी पिऊन पिऊन पोटात खड्डा पडला. सूस शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरी घेऊन आलेल्या इंजिनियरबाई असं तोंड पाडून उतरतात का गाडीतून?

वज्दान : इंजिनियरबाई नका म्हणू, सर.

मुंझिर सर : बरं, नाही म्हणत. आणि हे अंगावर काय चिकटलंय चंदेरी? चॉकलेटचा कागद?

वज्दान : कपॅसिटरच्या आतलं आहे ते.

मुंझिर सर : आतलं बाहेर कसं आलं?

वज्दान : फुटला. मी उलटा लावला होता.

(गफ्सा शहराच्या टॅक्सी-अड्ड्यावर ड्रायव्हरांच्या हाका चालू आहेत. सरांनी तिच्यासाठी लबलाबीचा, म्हणजे हरभऱ्याच्या कढणाचा, गरम वाडगा आणला आहे. तो आता पुढे करावा की मागे ठेवावा, हेच त्यांना कळेना.)

मुंझिर सर : डोळे बघू!

वज्दान : चष्मा होता.

मुंझिर सर : अल्लाची कृपा. हात?

वज्दान : मला काहीच झालेलं नाही, सर.

मुंझिर सर : पण उलटा? आणि तू? अगं, लांब पाय अधिकचा, पट्टी असेल ती बाजू उण्याची. शाळेत फळ्यावर लिहून दिलं होतं मी!

वज्दान : पाठ आहे. मुलाखतीत त्यांनी तोंडी विचारलं तेव्हा धडाधड सांगितलं.

मुंझिर सर : मग लावताना कुठे माती खाल्लीस?

वज्दान : आपल्या संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये तो कसाही ठेवला तरी चालतो. माउसने उचलायचा, ठेवायचा. आज पहिल्यांदा बोटांत धरला मी. एवढासा होता.

मुंझिर सर : हं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रयोगशाळेच्या कपाटात नुसती धूळ. म्हणून तर ते फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं तेव्हा नाचलो होतो मी. आतला कोड सगळ्यांना खुला, ज्याला जमेल त्याने सुधारावा! आणि माझ्या पोरीने सुधारलाही. तुझी दुरुस्ती जगभर वापरतात लोक. ते सांगितलंस का त्यांना?

वज्दान : सांगितलं. फार खूश झाले. म्हणून तर थेट प्रात्यक्षिकाच्या टेबलाशी नेलं.

मुंझिर सर : आणि फुटल्यावर?

वज्दान : फाट्‌कन आवाज झाला, सगळे मागे सरले. मी तशीच बसून. समोर स्क्रीन शोधत होते. कुठली ओळ चुकली ते लिहून येईल, असं वाटलं.

मुंझिर सर : हसले का मेले?

वज्दान : हसले असते तर बरं झालं असतं. मुलाखत घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या. पाणी दिलं, दुसरा कपॅसिटर पुढे ठेवला. म्हणाल्या, घाई नाही, सावकाश लाव.

मुंझिर सर : मग? लावायचा ना!

वज्दान : हातच पुढे जाईना.

मुंझिर सर : घाबरलीस, बाळा.

वज्दान : नाही हो. भीती वाटली असती तरी चाललं असतं. काहीच वाटलं नाही. अजून वाटत नाहीये.

मुंझिर सर : उद्या मी जातो सूसला. पाया पडतो त्यांच्या. म्हणतो, मास्तर कच्चा निघाला, पोरीवर कशाला राग—

वज्दान : माझ्यासमोरच दुसऱ्या मुलाला नोकरीवर घेतलं त्यांनी.

मुंझिर सर : ...फोन वाजतोय तुझा.

वज्दान : वाजू दे. नौफल आहे.

मुंझिर सर : भाऊ ना? उचल की.

वज्दान : त्याने शब्द दिला होता. ताईला नोकरी लागली तर इटलीला चोरून जाणाऱ्या बोटीचं नाव काढणार नाही. नाही लागली तर याच आठवड्यात निघणार.

मुंझिर सर : दे तो फोन इकडे! चांगला खडसावतो. त्या फुटक्या बोटीत बसून जाणं म्हणजे काय पोरखेळ आहे? तुमच्या गल्लीतल्या सलवाबाईंच्या मुलाचं काय झालं, ठाऊक नाही त्याला?

वज्दान : किनाऱ्यावर त्याचं प्रेत शोधायला नौफलच गेला होता, सर.

मुंझिर सर : ...तरी उचल. नोकरीचं विचारलं तर सांग, मागाहून कळवतो म्हणालेत. तेवढेच चार दिवस मिळतील.

वज्दान : तो नोकरीचं विचारणारच नाही. पोचलीस का, जेवलीस का, न्यायला येऊ का, एवढंच विचारेल.

मुंझिर सर : मग अडलंय कुठे?

वज्दान : आणि येईलही. माझं तोंड बघितलं की विचारायची गरजच उरणार नाही त्याला.